सह्याद्रीच्या वाटांसाठी स्वस्त आणि भरवशाचे होकायंत्र कसे निवडावे

अप्पा बळवंत चौकातल्या एखाद्या दुकानात जाऊन ‘कंपास द्या’ असे म्हटले, की विक्रेता हमखास गणिताची कंपासपेटी पुढे करतो. ‘होकायंत्र’ म्हटले, की शाळेच्या प्रयोगशाळेत वापरतात ती काचेची लहान गोल डबी समोर येते. डोंगरात नकाशाबरोबर वापरायचे साधन या दोन्हींपेक्षा वेगळे असते. ते नेमके कसे असावे हे ठाऊक नसले, तर नवखा माणूस एकतर दिसायला भारदस्त पण कामाला निरुपयोगी वस्तू घेऊन येतो, नाहीतर परदेशी बनावटीच्या महागड्या वस्तूवर गरज नसताना खर्च करतो. पुण्यात राहून सह्याद्रीत फिरणाऱ्याला हजार रुपयांच्या आतही उत्तम काम देणारे होकायंत्र मिळू शकते. मात्र पैसे कशासाठी मोजायचे आणि कशासाठी नाही, हे आधी समजून घ्यायला हवे.

आधी गरज ठरवावी

मोबाइलवर नकाशा आणि स्वतःचे ठिकाण दिसत असताना होकायंत्र कशाला, हा प्रश्न रास्त आहे. मोबाइल जरूर वापरावा, मीही वापरतो. परंतु जुलैच्या पावसात ओल्या पडद्यावर बोट चालत नाही, रात्रभराच्या चालीत बॅटरी उतरते, आणि मोबाइलमधील दिशादर्शक वेळोवेळी जुळवून घेतला नाही तर तो वीस-तीस अंशांनी चुकीची दिशा बिनदिक्कत दाखवतो. मोबाइल आपण कोठे आहोत हे उत्तम सांगतो. तोंड कोणत्या दिशेला आहे हे साधी चुंबकसूची त्याहून खात्रीने सांगते.

कात्रज ते सिंहगड या पुणेकरांच्या आवडत्या रात्रीच्या चालीचे उदाहरण घेऊ. जुन्या कात्रज बोगद्यापाशी सुरू होणारी ही वाट डोंगररांगेच्या माथ्यावरून, टेकाडांमागून टेकाडे चढत-उतरत, ढोबळमानाने पूर्वेकडून पश्चिमेकडे जाते. या रांगेला उत्तरेकडे आणि दक्षिणेकडे अनेक सोंडा फुटलेल्या आहेत. धुके उतरले आणि सिंहगडावरच्या दूरदर्शनच्या मनोऱ्याचा दिवा दिसेनासा झाला, की चुकून एखाद्या सोंडेवरून उतरायला लागणे अगदी सोपे असते, कारण पायाखालची वाट तशीच मळलेली असते. अशा वेळी अंश-अंश मोजण्याची गरज नसते. आपण पश्चिमेऐवजी दक्षिणेला, म्हणजे खेड शिवापूरच्या अंगाला उतरतो आहोत, एवढे कळले तरी पुरे असते. हे काम साधे होकायंत्रही करते. नकाशावरून दिशाकोन, म्हणजे उत्तरेपासून घड्याळाच्या काट्यांप्रमाणे मोजलेला कोन, काढून, रान तुडवत एखाद्या खिंडीचा नेमका वेध घ्यायचा असेल, तर मात्र थोडे अधिक चांगले साधन हवे. या लेखातील शिफारस दोन्ही कामे करणाऱ्या साधनासाठी आहे.

कोणता प्रकार घ्यावा

बाजारात साधारण चार प्रकार दिसतात, आणि त्यांपैकी तीन आपल्या कामाचे नाहीत.

किल्लीच्या साखळीला, शिट्टीला किंवा घड्याळाच्या पट्ट्याला लावलेली बटणाएवढी होकायंत्रे फार तर उत्तर कोणत्या बाजूला आहे एवढे सांगतात. पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी आणि बुधवारी दिसणाऱ्या पितळी डब्या देखण्या असतात, पण त्या दिवाणखान्यात ठेवण्यासाठी आहेत. तिसरा प्रकार लष्करी धाटणीचा, हिरव्या धातूच्या झाकणाचा, भिंग आणि तारेची खाच असलेला. नवखी मंडळी सर्वांत जास्त फसतात ती याच्याच बाबतीत. या धाटणीचे अस्सल होकायंत्र अचूक असते, पण ते महागही असते. काही शे रुपयांत मिळते ती त्याची नक्कल. तिच्यात भिंग आणि तार एका रेषेत नसतात, आतली तबकडी अडखळते, आणि पुष्कळदा ती कितीतरी वेळ नुसती थरथरत राहते. शिवाय त्याला पारदर्शक तळ नसल्यामुळे नकाशावर दिशाकोन मोजायला वेगळा कोनमापक बाळगावा लागतो.

चौथा प्रकार म्हणजे पारदर्शक आयताकृती पट्टीवर फिरती तबकडी बसवलेले होकायंत्र. ट्रेकर मंडळी त्याला ‘बेसप्लेट कंपास’ म्हणतात. पट्टी, कोनमापक आणि चुंबकसूची ही तिन्ही साधने त्यात एकत्र येतात. स्वीडनमधील सिल्वा आणि फिनलंडमधील सुंटो या कंपन्यांची नावे या क्षेत्रात १९३० च्या दशकापासून आहेत. सुंटोची तर १९३६ मधील स्थापनाच द्रव भरलेल्या होकायंत्रांच्या निर्मितीसाठी झाली. आज इतर अनेक उत्पादक याच घडणीची स्वस्त होकायंत्रे बनवतात, आणि नवख्याने घ्यायचे ते याच प्रकारातले.

पट्टी आणि तबकडी

पट्टी स्वच्छ पारदर्शक आणि निदान दहा सेंटिमीटर लांबीची असावी. लांबी महत्त्वाची आहे, कारण नकाशावरील दोन ठिकाणे पट्टीच्या एकाच कडेने जोडता आली नाहीत, तर मधे फुटपट्टी ठेवून चालवून घ्यावे लागते आणि तेथेच चूक शिरते. पट्टीवर प्रवासाची दिशा दाखवणारा बाण ठळक असावा.

मोजपट्टी सेंटिमीटर आणि मिलिमीटरमध्ये असावी. काही स्वस्त नगांवर केवळ इंच किंवा अमेरिकेतील नकाशांचे १:२४,००० हे प्रमाण छापलेले असते, जे आपल्याला उपयोगाचे नाही. आपल्याकडील भारतीय सर्वेक्षण विभागाचे, म्हणजे १७६७ मध्ये स्थापन झालेल्या सर्व्हे ऑफ इंडियाचे नेहमीच्या वापरातले नकाशे १:५०,००० प्रमाणाचे असतात. त्यांत नकाशावरील दोन सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा एक किलोमीटर. हे गणित इतके सोपे आहे की १:५०,००० ची वेगळी मोजपट्टी नसली तरी साध्या सेंटिमीटरच्या खुणा पुरतात. मात्र त्या खुणा खऱ्या आहेत का, हे शाळेची चांगली फुटपट्टी शेजारी ठेवून पाहावे. दहा सेंटिमीटरच्या ठिकाणी मिलिमीटरभर फरक पडलेले नग मी स्वतः पाहिले आहेत.

तबकडीवर ० ते ३६० अंशांच्या खुणा असाव्यात आणि त्या प्रत्येकी दोन अंशांच्या असाव्यात. पाच अंशांच्या खुणा असलेली तबकडीही चालते, पण तीवर मधला आकडा अंदाजाने घ्यावा लागतो. हा अंदाज केवढ्याला पडतो ते पाहू. एक अंशाची चूक एका किलोमीटरला सुमारे १७ मीटर बाजूला नेते. पाच अंशांची चूक जवळजवळ ८७ मीटर. माळावर ८७ मीटरने काही बिघडत नाही, पण एखाद्या गडाच्या कड्यालगतच्या नाळेचे तोंड तेवढ्यानेच हुकते. लष्करी पद्धतीच्या काही तबकड्यांवर अंशांऐवजी ६४०० भाग असतात. ते घेऊ नये.

तबकडीच्या तळाशी समांतर रेषा आणि मध्यभागी सुईच्या आकाराचा पोकळ बाण असलाच पाहिजे. या रेषा नकाशावरील उत्तर-दक्षिण रेषांशी जुळवायच्या असतात, आणि त्या नसलेले होकायंत्र नकाशाच्या कामाला जवळजवळ निरुपयोगी असते. तबकडी हाताने फिरवताना किंचित अवघड जावी. ती सैल असेल तर लावलेला कोन खिशात फिरून बदलतो. सुई ज्यात फिरते त्या डबीत द्रव भरलेला असावा, म्हणजे सुई डोलत न राहता दोन-तीन सेकंदांत स्थिरावते.

सुई कोठल्या प्रदेशासाठी तोललेली आहे

होकायंत्राविषयीच्या बहुतेक परदेशी मार्गदर्शनात हा मुद्दा ओझरता येतो. आपल्यासाठी मात्र तो मुख्य आहे.

पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र सर्वत्र जमिनीला समांतर नसते. चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकाजवळून जाते. तेथे हे क्षेत्र जवळजवळ आडवे असते, आणि जसजसे उत्तरेकडे जावे तसतसे ते जमिनीत खाली झुकत जाते. या झुकण्याला नतिकोन म्हणतात. पुण्याच्या परिसरात तो साधारण पंचवीस अंशांच्या आसपास आहे, तर लंडनसारख्या ठिकाणी पासष्ट अंशांच्या पुढे. तिकडे मोकळ्या सुईचे उत्तर टोक इतके खाली ओढले जाते की ते डबीच्या तळाला टेकेल. म्हणून उत्पादक दक्षिण टोकाच्या बाजूला वजन वाढवून सुई आडवी राखतात. तीच सुई पुण्यात आणली, की उत्तर टोकाची ओढ कमी पडते, दक्षिणेकडचे जास्तीचे वजन वरचढ ठरते आणि सुईचे दक्षिण टोक, म्हणजे लाल नसलेले पांढरे किंवा काळे टोक, खाली बसते.

माझ्या पहिल्या होकायंत्राची हीच कथा होती. घरी टेबलावर ठेवून दिव्याच्या उजेडात बाजूने पाहिले, तेव्हा लाल टोक वर उचललेले आणि दुसरे टोक डबीच्या तळापासून केसभर अंतरावर होते. टेबलावर ते उत्तर बरोबर दाखवत असे. हातात धरून चालताना मात्र हात किंचित कलला, की ते टोक तळाला घासून अडकायचे आणि सुई जेथे होती तेथेच राहायची. अडकलेली सुई अगदी स्थिर, अगदी खात्रीची दिसते. तिच्यावर विश्वास ठेवून चुकीच्या दिशेने चालणे त्यामुळेच सोपे होते.

म्हणून घेताना पाकिटावर कोणत्या प्रदेशासाठी तोल साधला आहे, याचा उल्लेख शोधावा. नामांकित कंपन्या तो देतात. स्वस्त नगांवर तो बहुधा नसतो, आणि तेथे डोळ्यांनीच पारख करावी लागते. जगभर चालणारी खास सुई असलेली होकायंत्रेही मिळतात, पण ती बरीच महाग असतात आणि केवळ सह्याद्रीत फिरणाऱ्याला त्यांची गरज नाही. आपल्या बाजूने एक गोष्ट चांगली आहे: सुईला फिरवणारा क्षेत्राचा आडवा घटक आपल्याकडे उत्तर युरोपच्या जवळजवळ दुप्पट आहे, त्यामुळे नीट तोललेली साधी सुईही येथे झटकन आणि ठामपणे उत्तरेला लागते.

कोठे पैसे वाचवता येतात

चुंबकीय उत्तर आणि भौगोलिक उत्तर यांच्यातील कोनाला दिक्पात म्हणतात. जगाच्या काही भागांत तो दहा-पंधरा अंश किंवा त्याहूनही जास्त असतो, म्हणून चांगल्या होकायंत्रांत तो कायमचा जुळवून ठेवण्यासाठी लहान स्क्रू किंवा फिरती कडी दिलेली असते, आणि त्यासाठी किंमत बरीच वाढते. पुणे आणि आसपासच्या सह्याद्रीत हा दिक्पात एक अंशाच्या आत आहे. हातात धरून वापरायच्या होकायंत्राची वाचनातली चूकच याहून जास्त असते. त्यामुळे येथे सुई दाखवते तीच नकाशावरची उत्तर, असे धरून चालता येते, आणि दिक्पात जुळवण्याच्या सोयीसाठी एक रुपयाही जास्त देण्याचे कारण नाही. पुढे कधी दूरदेशी जाण्याचा योग आला, तर तेथील दिक्पात नकाशाच्या समासात पाहून मनात बेरीज-वजाबाकी करता येते.

आरसा असलेल्या झाकणाने दूरच्या खुणेचा वेध घेताना अचूकता वाढते, पण शिकताना त्याने गोंधळही वाढतो. पहिल्या होकायंत्रात तो नसलेला बरा. अंधारात चमकणाऱ्या खुणा मात्र उपयोगी आहेत. स्वस्त नगांत त्या विजेरीचा प्रकाश पाडल्यावर थोडा वेळ चमकतात, आणि रात्रीच्या चालीत तेवढे पुरते. पट्टीतले लहान भिंग आगंतुक वाटते, परंतु १:५०,००० च्या नकाशावर दाट समोच्च रेषा मोजताना चाळिशी ओलांडलेल्या डोळ्यांना त्याचे मोल कळते.

दुकानात करायच्या चाचण्या

दुकानातील गल्ला, लोखंडी कपाटे आणि ध्वनिवर्धक यांच्यामध्ये कोणतेही होकायंत्र नीट चालत नाही. विक्रेत्याला विनंती करून उघड्यावर यावे. पदपथावर दुचाकी उभ्या असतील तर त्यांच्यापासूनही पाच-सात मीटर दूर जावे. मोबाइल, किल्ल्या आणि हातातले लोखंडी कडे आधी दुसऱ्याच्या हाती द्यावे.

प्रथम होकायंत्र तळहातावर सपाट धरून डोळ्यांच्या रेषेत आणावे आणि सुई बाजूने पाहावी. ती डबीच्या तळाशी समांतर दिसली पाहिजे. एखादे टोक स्पष्ट खाली असेल, तर तो नग तेथेच बाजूला ठेवावा, किंमत कितीही कमी असली तरी. मग हात हळूहळू सर्व बाजूंना कलवून पाहावा. दहाएक अंश कलल्यानंतरही सुई मोकळी फिरत असेल, तर ती चालताना दगा देणार नाही.

नंतर सुईचे घर्षण तपासावे. होकायंत्र न हलवता जवळ एखादी किल्ली आणून सुई बाजूला खेचावी आणि किल्ली दूर न्यावी. सुई पुन्हा त्याच आकड्यावर यायला हवी. उजवीकडून आणि डावीकडून, पाच-सहा वेळा हे करावे. दर वेळी दोन अंशांपर्यंत फरक पडला तर हरकत नाही. एका बाजूने येताना एक आकडा आणि दुसऱ्या बाजूने येताना दुसराच, असे होत असेल तर सुई जिच्यावर फिरते त्या टेकणीच्या टोकाला खोट आहे.

तबकडी शून्यावर आणून आतील समांतर रेषा पट्टीच्या लांब कडांशी खरोखर समांतर आहेत का, ते पाहावे. ही चूक उघड्या डोळ्यांना दिसते आणि स्वस्त नगांत ती अधूनमधून आढळते. डबीत बुडबुडा असेल तर तो केवढा आहे ते पाहावे. मोहरीएवढा बुडबुडा क्षम्य आहे, आणि उंचावर किंवा थंडीत असा बुडबुडा चांगल्या होकायंत्रातही येतो व खाली आल्यावर जातो. सपाटीवरच, पुण्याच्या हवेत वाटाण्याएवढा बुडबुडा दिसत असेल, तर द्रव गळतो आहे असे समजावे.

एकाच प्रकारचे तीन-चार नग मिळाले, तर ते एकमेकांपासून हातभर दूर ठेवून सर्वांनी एकच उत्तर दाखवली आहे का, तेही पाहावे. जवळजवळ ठेवले तर सुया एकमेकींना ओढतात आणि तुलना फुकट जाते. ऑनलाइन मागवल्यास याच चाचण्या परतीची मुदत संपण्याआधी घरी, गच्चीच्या लोखंडी कठड्यापासून दूर, उरकून घ्याव्यात. विक्रेता चाचणी करू द्यायला तयार नसेल तर दुसरे दुकान पाहावे. डेकॅथलॉनसारख्या मोठ्या दुकानांत वस्तू हाताळून पाहायला सहसा आडकाठी नसते.

वेताळ टेकडीवर पहिली सकाळ

घेतलेले होकायंत्र थेट गडावर नेण्यापूर्वी एक सकाळ वेताळ टेकडीवर घालवावी. पुणे शहरातील ही सर्वांत उंच टेकडी, आणि हवा स्वच्छ असेल तर माथ्यावरून ओळखीच्या खुणा भरपूर दिसतात. सोबत नकाशा न्यावा. सर्व्हे ऑफ इंडियाने २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतर नागरिकांसाठी वेगळी नकाशामालिका काढली आहे आणि तिची पत्रके विभागाच्या संकेतस्थळावर मिळतात. जुन्या क्रमांकपद्धतीत पुणे शहराचा मोठा भाग ४७ एफ/१४ मध्ये आणि सिंहगड ४७ एफ/१५ मध्ये येतो. ही दोन पत्रके जोडून ठेवली, की टेकडीवरून गडापर्यंतची रेषा एका नजरेत येते.

पायऱ्या तीनच आहेत. पट्टीची लांब कड नकाशावर वेताळ टेकडीपासून सिंहगडापर्यंत ठेवावी, प्रवासाचा बाण सिंहगडाकडे करून. पट्टी घट्ट दाबून धरून तबकडी फिरवावी, तिच्या आतल्या रेषा नकाशाच्या उत्तर-दक्षिण रेषांना समांतर होईपर्यंत आणि पोकळ बाण नकाशाच्या वरच्या बाजूला येईपर्यंत. नकाशावर अशा रेषा विरळ असतील, तर घरीच पेन्सिलीने डाव्या-उजव्या कडांना समांतर रेषा आखून न्याव्यात. आता होकायंत्र उचलून छातीशी सपाट धरावे आणि हात न हलवता स्वतः फिरावे, लाल टोक पोकळ बाणाच्या आत येईपर्यंत. तबकडीवर २०० अंशांच्या आसपासचा आकडा असेल, आणि समोर, प्रवासाच्या बाणाच्या रेषेत, सिंहगडाचा मनोरा. तसेच पर्वती आग्नेयेला, १३५ ते १४० अंशांच्या दरम्यान दिसावी. आकडे पाच अंशांहून जास्त चुकत असतील, तर आधी स्वतःची पद्धत तपासावी, मग होकायंत्र.

या सकाळीच मला एकदा मोठा धडा मिळाला. वर्षभर वापरलेले होकायंत्र घेऊन मी टेकडीवर गेलो होतो. सूर्य उगवत होता आणि सुईच्या हिशेबाने तो पश्चिमेला होता. दोनदा तबकडी फिरवली, नकाशा उलटा धरला आहे का पाहिले, शेजारच्या माणसाला पर्वती कोणती ते विचारले. सुईचे लाल टोकच दक्षिणेकडे झाले होते. ते होकायंत्र कित्येक आठवडे पिशवीच्या एकाच कप्प्यात मोबाइलच्या चुंबकी झाकणाला चिकटून पडले होते, आणि सुईचे ध्रुव उलटले होते. सूर्य समोर होता म्हणून ते कळले. धुक्यात कळले नसते. तेव्हापासून प्रत्येक चालीच्या आरंभी, उजेड असताना, ज्याची दिशा पक्की ठाऊक आहे अशा एका खुणेवर होकायंत्र लावून पाहिल्याशिवाय मी पाऊल उचलत नाही, आणि नवख्यांनाही तीच सवय लावून घ्यावी असे आग्रहाने सांगतो.

काळा कातळ आणि इतर चुंबकीय अडथळे

सह्याद्रीचा काळा कातळ म्हणजे बेसाल्ट, आणि त्यात मॅग्नेटाइट या चुंबकीय खनिजाचे कण असतात. ही गोष्ट किती गंभीरपणे घ्यावी, हे पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद ठेवणाऱ्या अलिबागच्या वेधशाळेकडे पाहिले की कळते. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार आणि त्यांच्या विजेने नोंदी बिघडणार म्हणून कुलाब्याची चुंबकीय नोंदणी अलिबागला हलवण्यात आली. १९०४ पासून तेथे नोंदी सुरू झाल्या, आणि त्या वेधशाळेच्या इमारतींसाठी स्थानिक काळा दगड टाळून चुंबकत्व नसलेला पोरबंदरचा दगड वापरला गेला.

आपल्याला एवढी अचूकता नको असते, पण त्यामागचे कारण तेच आहे. होकायंत्र कधीही कातळावर टेकवून वाचू नये, विशेषतः उघड्या सुळक्यांवर आणि बुरुजांच्या माथ्यावर, जेथे वीज पडून दगड जास्तच चुंबकित झालेला असू शकतो. ते छातीशी धरावे आणि शंका आली तर दहा-पंधरा पावले बाजूला होऊन पुन्हा वाचावे. पक्की खातरजमा करायची असेल, तर सर्वेक्षणाच्या अभ्यासक्रमात शिकवतात ती पद्धत वापरावी: एका जागेवरून दूरच्या खुणेचा कोन घ्यावा, शक्य झाल्यास त्या खुणेपाशी जाऊन पहिल्या जागेचा उलटा कोन घ्यावा. दोहोंत १८० अंशांचा फरक आला, तर दोन्ही जागा निर्दोष आहेत.

माणसाच्या अंगावरचे अडथळे दगडांपेक्षा जास्त त्रास देतात. मोबाइल, कपाळावर बांधायची विजेरी, पोलादी काठी, सुरी, पाण्याच्या पिशवीच्या नळीची चुंबकी चाप, हे सारे सुईला हलवते. घरी टेबलावर होकायंत्र ठेवून यांतील एकेक वस्तू हळूहळू जवळ आणावी, कितव्या सेंटिमीटरला सुई हलते ते पाहावे, आणि वापरताना ती वस्तू त्याच्या दुप्पट अंतरावर ठेवावी. कपाळावरची विजेरी बहुतेकांच्या लक्षात येत नाही, कारण वाचताना डोके आपोआप खाली झुकते.

जपणूक

होकायंत्र दोरीने गळ्यात किंवा स्वतंत्र कापडी थैलीत ठेवावे, मोबाइलच्या विरुद्ध बाजूच्या खिशात. एप्रिल-मे महिन्यांत उभ्या केलेल्या मोटारीत ते विसरू नये. तापलेल्या डबीतील द्रव प्रसरण पावतो आणि शिवणीतून गळू लागतो, आणि थंड झाल्यावर जो बुडबुडा उरतो तो पुन्हा जात नाही. डास पळवणाऱ्या काही मलमांतील डीट हे रसायन प्लास्टिक धूसर करते आणि खुणांची छपाई उतरवते, म्हणून मलम लावल्यावर हात पुसूनच होकायंत्र हाताळावे. पावसाळी चालीनंतर ते साध्या पाण्याने धुऊन, तबकडीच्या कडेत अडकलेली माती जुन्या मऊ दातघासणीने काढून, सावलीत वाळवावे. ही माती साचली की तबकडी कडक फिरू लागते आणि थंडीत बधिर झालेल्या बोटांना ती हलत नाही. ध्रुव उलटलेले होकायंत्र एखादे सशक्त चुंबक सुईवरून ठरावीक दिशेने फिरवून दुरुस्त करता येते, पण तसे केल्यावर वेताळ टेकडीवरची चाचणी पुन्हा पहिल्यापासून करावी, आणि आकडे दोन-तीन अंशांच्या आत आले नाहीत तर ते होकायंत्र सरावापुरते बाजूला ठेवून दुसरे घ्यावे.